सोडलेलं निम्मं

१

पुरणपोळी म्हणजे तळ्याच्या दोन फेऱ्या. वर तूप घेतलं तर अडीच. साबुदाण्याची खिचडी वाटीभर, दीड फेरी. बटाटेवडा एक फेरी, पण वडा काही कुणी एकच खाऊन उठत नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर शशिकलेच्या घरात हे असलं गणित सुरू झालं आणि खाण्यातली सगळी मजाच गेली. समोरची शेजारीण शंकरपाळ्यांची ताटली घेऊन आली, तरी शशिकला आधी तोंडातल्या तोंडात फेऱ्या मोजायची आणि मग म्हणायची, नको बाई.

गणित तिचं नव्हतं, कुमारचं होतं. कुमार तिचा नवरा. रसायनीच्या एका कारखान्यात केमिस्ट, आणि दुर्दैवाने घरी आल्यावरही केमिस्टच. पनवेलच्या डॉक्टरांनी शशिकलेला तपासून सांगितलं होतं की रक्तदाब चढलाय, साखर काठावर आहे, वजन उतरवलं नाही तर पुढचं मी सांगत नाही. सांगायची गरजही नव्हती. तिची आई ह्याच दुखण्याने चाळिशीत अंथरुणाला खिळली होती आणि त्यातच गेली. घरी आभा होती, दुसरीतली, अजून वेणी घालून घेताना आईच्या मांडीवर झोप काढणारी. माझी पोर बिनआईची वाढणार नाही, एवढं एकच शशिकलेने मनाशी घट्ट धरलं. बारीक दिसायची हौस वगैरे तिला कधीच नव्हती.

तेव्हा रोज सकाळी वडाळे तळ्याच्या कडेने चालायचं आणि बेताने खायचं, असं ठरलं. कुमारने त्यात एक कलम घातलं. चालून जेवढं जाळलं, तेवढं सगळं परत खायचं नाही. त्यातलं निम्मं खायचं, निम्मं सोडायचं. आणि मग कारखान्यातलं त्याचं आवडतं वाक्य, जे त्याने लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा कुठेतरी म्हटलं असणार. टाकीत जेवढं गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे, नाहीतर टाकीतच साठलं पाहिजे. तिसरं काही नसतं.

वजनकाटा आला मस्कतहून. कुमारचा भाऊ सत्यजीत तिकडे नोकरीला, त्याने वहिनीची चेष्टा करत आणून दिला. चपटा, वर काळं रबर, पुढे काचेखाली आकडे, आणि कडेला शून्य जुळवायचं छोटं दातेरी चाक. तो काटा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ह्यांच्यामधल्या पॅसेजमध्ये ठेवला. तिथे उजेड जरा कमीच असायचा.

२

वजन उतरायला लागलं. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यातही नाही, पण एकदा लागलं ते लागलंच. ब्लाउज आत घ्यावे लागले. जिना चढताना लागणारी धाप गेली. डॉक्टर खूश, कुमार तर असा खूश की जणू त्यानेच फेऱ्या मारल्या. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की चपला काढायच्या आधी विचारायचा, आज किती. तिने सांगितलेला आकडा त्याच्या हिशेबाशी अगदी ग्रॅमात जुळायचा. शशिकलेला त्याचंच जरा नवल वाटायचं. पोळी कधी जाड लाटली जाते, कधी पातळ, तळ्यावर कुणी भेटलं की चाल मंदावते, तरी आकडा कसा चुकत नाही?

फक्त काटा रोज सकाळी थोडा पुढे असायचा. वर कुणी नाही, आणि काटा शून्याच्या एखादा केस पलीकडे. शशिकलेचा हात आपोआप चाकाकडे जायचा. जासईला तिच्या वडिलांचं, भगवानशेठचं, किराणा दुकान. तिचं लहानपण तराजूशेजारी गेलेलं. दुकान उघडलं की दिवाबत्तीच्या आधी काटा शून्यावर आणायचा, मग पहिलं गिऱ्हाईक. काटा पुढे दिसला आणि हात स्वस्थ बसला, असं त्या घरात जन्मलेल्या माणसाकडून होणंच शक्य नाही. ती चाक फिरवायची, शून्य आणायची आणि मग वर उभी राहायची.

रोज फिरवलं. दात घासावेत तसं, न बघता. किती फिरवलं ह्याचा तिने कधी विचारच केला नाही, आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झालीही नसती. दुसरं कुणी पहिल्याच आठवड्यात काटा बिघडला म्हणून माळ्यावर टाकून मोकळं झालं असतं.

३

एका सकाळी चाक फिरेना. शेवटच्या दात्यावर येऊन अडलं होतं आणि काटा अजून थोडा पुढेच होता. शशिकलेने काटा पिशवीत घातला आणि बाजारात काळूरामकडे नेला. काळूराम स्टोव्ह, कुकर, तराजू, सगळंच दुरुस्त करायचा आणि दिवसभर कुणाशी तरी वाद घालत असायचा. त्याने चाक उलटं फिरवून पार सुरुवातीला आणलं, आणि काटा सरळ शून्यावर. पाच किलोचं माप ठेवलं, पाच. दहाचं ठेवलं, दहा. उचललं, शून्य. ह्याला काय धाड भरलीय, असं म्हणून त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत.

घरी येऊन तिने काटा पॅसेजमध्ये जागेवर ठेवला. शून्य. बरं वाटलं. उगीच इतकी पायपीट केली असं म्हणत तिने कुकर लावला, डाळीला फोडणी दिली. हात पुसत पॅसेजमध्ये आली आणि सहज खाली पाहिलं.

काटा पुढे होता. केसभर नाही. ती तोवर जेवढी उतरली होती, बरोबर तेवढा.

तिने आकडा पुन्हा पाहिला. मग वाकून फरशी पाहिली. फरशीला उतार असेल, स्प्रिंग गरम हवेने सैलावली असेल, काळूरामने चाक नीट बसवलं नसेल. अशी चांगली चारपाच कारणं तिच्या मनात आली आणि एकाही कारणावर तिचा विश्वास बसला नाही. तिने पायाच्या अंगठ्याने काटा भिंतीकडे ढकलायला म्हणून पाय पुढे केला. पाय लागायच्या आधीच काटा डुचमळला, निम्म्यावर आला, थांबला, आणि मग शून्यावर गेला. माणूस आधी एक पाय खाली ठेवतं, मग दुसरा, तसा.

बाहेरच्या खोलीत वेताची खुर्ची करकरली. आभा शाळेत होती. कुमार कारखान्यात होता. कुकरची शिट्टी होईपर्यंत शशिकला होती तिथेच उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिची पॅसेज ओलांडून बाहेर जायची छाती झाली नाही.

४

कुमारला सांगितलं. तो हसला नाही, पण त्याने वर उभं राहून पाहिलं, उतरून पाहिलं, आणि निदान केलं की स्प्रिंग थकली. शशिकला म्हणाली की मग दुकानात का नाही थकली? ह्यावर त्याने पेपर उघडला.

तिला आता स्वस्थ बसवेना. घरात ती एकटी असली की कान सारखे टवकारलेले. बाल्कनीतल्या झोपाळ्याच्या कड्या वारा नसताना एकदाच वाजायच्या, कुणी बसल्यावर वाजतात तशा, आणि मग गप्प. दिवाणावरच्या गादीला एका कडेला खळगा पडायचा. ती तो हाताने सारखा करायची, भाजी निवडून येते तोवर खळगा परत तिथेच. झाडूपोछ्याला बेलपाड्याहून हौसा यायची. ती एके दिवशी वेताची खुर्ची सरकवायला गेली आणि खुर्ची हलेना. तिने पुन्हा जोर लावला तेव्हा ती अशी सटकन हलली की हौसाच पडता पडता वाचली. कमरेवर हात ठेवून तिने खुर्चीकडे बघितलं, मग शशिकलेकडे, आणि झाडू भिंतीला टेकवून निघून गेली ती पगार न्यायलासुद्धा आली नाही.

शशिकलेने ठरवलं, बास. जे काही आहे ते ह्या उतरण्यातून आलंय, तेव्हा उतरायचंच नाही. होळीला तिने चार पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप घालून. तळ्यावर जाणं बंद केलं. कुमार धुसफुसला, एवढ्या मेहनतीवर बोळा फिरवलास म्हणाला. तिने दुपारी आणखी एक खाल्ली.

तिचं वजन वाढलं नाही, उतरलंही नाही, आहे तिथे राहिलं. तिला हायसं वाटलं. पण रिकामा काटा मात्र थांबला नव्हता. पूर्वीसारखाच रोज थोडा थोडा पुढे जात होता.

कुठून, हे तिला परीक्षेच्या दिवसांत कळलं. आभाला शाळेचा स्कर्ट घालून देताना तो कमरेवरून खाली घसरला. हूक लावूनसुद्धा. कुमार म्हणाला, उंची वाढतेय पोरीची, त्यातून उन्हाळा आणि परीक्षा, मुलं वाळतातच. शशिकलेने आभाला पॅसेजमध्ये नेऊन काट्यावर उभं केलं. दिवाळीनंतर सत्यजीतकाकाने आणलेल्या ह्या नव्या खेळण्यावर सगळ्यात आधी आभाच उड्या मारत चढली होती, तेव्हाचा आकडा आईच्या लक्षात होता. आताचा आकडा तिने वाचला आणि वजाबाकी केली. मग आभाला उतरवून, होळीपासून रिकामा काटा किती पुढे गेला ती वजाबाकी केली.

दोन्ही सारख्याच आल्या. शशिकलेने आभाला असं घट्ट धरलं की पोर दुखतंय म्हणून रडायला लागली.

५

मे महिन्यात ती आभाला घेऊन जासईला गेली. आजोळी राहील, आमरस खाईल, त्या घरापासून लांब राहील. जासईत तेव्हा कंटेनरच्या गाड्यांची रीघ सुरू झाली होती, रस्ताभर धूळ, पण भगवानशेठचं दुकान होतं तसंच होतं. तांदळाची पोती तोलायचा मोठा काटा दाराशी. आजोबाला नातीचं कौतुक, आल्या आल्या त्याने आभाला उचलून त्या काट्यावर उभं केलं, आठवड्यात पोतं करतो बघ तुझं, म्हणाला.

आजोबाने वजन सरकवलं, आकडा वाचला, तोंडातल्या तोंडात चुकचुकला. आभा उडी मारून उतरली. दांडी वरच राहिली.

"काय झालं ह्याला," भगवानशेठ म्हणाला. "परवाच तर मानूस येऊन तपासून गेला. बिगडलेला नाय." आणि त्याचा हात सवयीने वजन सरकवून दांडी समतोल करायला पुढे गेला.

शशिकलेने त्याचं मनगट धरलं.

"आबा, नका हात लावू."

म्हाताऱ्याने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस, त्याने लेकीचा हात सोडवला नाही. आभा अंगणात कोंबड्यांमागे पळाली. ती उंबरा ओलांडून गेली आणि तिच्यामागोमाग दांडी खाली आली.

त्या दुपारी शशिकला ओसरीवर बसून विचार करत राहिली. कुमारचं वाक्य तिला आठवत होतं. टाकीत गेलेलं बाहेर येतं नाहीतर साठतं. टाकी म्हणजे एकटी तीच, असं तो धरून चालला होता. पण जे निम्मं तिने रोज सोडलं, ते कुठे बाहेर गेलंच नव्हतं. ते त्या तिघांच्यातच होतं, ताटाच्या, अंथरुणाच्या आसपास, आणि त्याला आता रोज मिळायची सवय लागली होती. तिने देणं बंद केल्यावर ते पोरीकडे वळलं. ह्यात भूत कुठलं, पिशाच्च कुठलं, हे तिला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचंही नव्हतं. आपण दिलं की आभाचं सुटतं का, एवढंच तिला पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मिठागरांच्या बांधावरून चालायला निघाली.

६

आभाचं सुटलं. पनवेलला परतल्यावर महिन्याभरात तिचा स्कर्ट कमरेला बसू लागला, गाल भरले. कुमारला वाटलं आमरसाचा गुण.

आता शशिकलेचं सगळं लक्ष एकाच गोष्टीत. जास्त चालावं तर स्वतःची भोवळ यायची, कमी चालावं तर चार दिवसांत आभाचे खांदे टोकदार दिसू लागायचे. म्हणून ती भरपूर खायची आणि खाल्लेल्याच्या वर चालायची. रोज थोडं तरी सुटलं पाहिजे, आणि रोज थोडंच सुटलं पाहिजे. कुमारने शिकवलेलं गणित ती आता त्याच्यापेक्षा चांगलं करायची. पावसाळ्यात तळ्याकाठी चिखल झाला तरी खाडा नाही. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा केव्हाच मागे पडला. डॉक्टर आता पुरे म्हणाले, मग तपासण्या लिहून दिल्या. तपासण्यांत काही निघालं नाही.

बाया तोंडावर म्हणायच्या, निम्मी झालीस गं, आणि पाठीमागे भलतंच काहीतरी. कुमार घाबरला होता. त्याने गणित सोडून दिलं, रोज संध्याकाळी तिच्यासाठी मिठाई आणायला लागला. ती खायची, सगळी खायची, आणि सकाळी चार फेऱ्या जास्त मारायची. एका रविवारी तो तिच्यासमोर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"शशी, मी तुला हे शिकवायला नको होतं. आता थांब. मी पाया पडतो तुझ्या."

तिला त्याची फार दया आली. पण थांबायचं म्हणजे कुणाचं थांबायचं, हे त्याला कसं सांगणार? तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. तो हात केवढा हलका झाला होता, हे त्या दोघांनाही जाणवलं.

७

गौरी गेल्या आणि तिला ताप भरला. एक दिवस गेला, दुसरा गेला. ती उठू शकली नाही. तिसऱ्या सकाळी कुमारने तिचे कॅनव्हासचे बूट कुठेतरी लपवले, दुपारी रजा टाकून येतो म्हणाला आणि कंपनीची बस गाठायला गेला. शाळेला सुट्टी होती. आभा दिवाणावर झोपली होती.

शशिकला भिंतीला धरत धरत बाहेरच्या खोलीत आली. आभा भिंतीच्या बाजूला कुशीवर. तिच्या पाठीशी गादीत दुसरा खळगा, आता लहान नाही, दिवाणभर लांब, आणि आभाच्या अगदी अंगाला लागून. आभाच्या गळ्याची हाडं वर आली होती. दोन दिवसांत.

तिने बूट शोधलेच नाहीत. अनवाणी जिना उतरली. तळ्यावर बायका धुणी धूत होत्या, त्यांनी हात थांबवून पाहिलं. शशिकला चालली. तापाने डोकं ठणकत होतं, पाय चिखलात रुतत होते, दोनदा ती कठड्याला धरून ओकली. पण चालली. किती फेऱ्या झाल्या ते तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. आता पुरे, आता तिला सोड, एवढंच म्हणत राहिली.

घरी आली तेव्हा आभा उठून स्वयंपाकघरात आली होती. तोंड धुतलेलं, हातात ताट.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

शशिकलेला रडूच फुटलं. इतकं गोड तिने गेल्या दोन दिवसांत काही ऐकलं नव्हतं. चिखलाचे पाय तसेच घेऊन तिने तवा ठेवला, कणकेचा गोळा काढला, पोळी लाटली. आभाने पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली. तिच्या ओठांवर रंग आला. शशिकला तव्याशी उभी राहून पोरीची पाठ बघत होती. आभा मांडी घालून बसली होती, ओट्याकडे पाठ आणि तोंड पॅसेजकडे.

"आई, अजून एक वाढ ना," आभा म्हणाली.

तिसरी पोळी अजून तव्यावर होती. शशिकलेने ती उलटली. मग तिच्या लक्षात आलं की हे म्हणताना आभा मागे वळली नव्हती.

"आभा, मी इथे आहे."

आभाने मान वळवली. शेजारच्या काकू आल्या की मुलं बघतात तसं तिने तिच्याकडे पाहिलं, जरा लाजून, जरा अनोळखीपणाने. मग पुन्हा तोंड फिरवून तिने रिकामं ताट पॅसेजकडे धरलं. तिच्या हातातलं ताट किंचित खाली झुकलं, वरून कुणी पोळी वाढल्यावर झुकतं तेवढं, आणि आभा खाली मान घालून जेवायला लागली.